एअर रायफलचा ग्रुप उभाच का पसरत होता? वारज्यातलं एक प्रकरण

पुण्यात, वारज्यातल्या एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर पार्किंगच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत साडेदहा मीटर सरळ, बंदिस्त जागा आहे. तिथे १० मीटर सरावाची सोय केलेली आहे. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर आहे. त्यामागे प्लायवूडची खोकी, आत ४५ अंशांत खाली झुकलेली ३ मिमी जाडीची लोखंडी प्लेट आणि तळाला वाळू. रायफल ४.५ मिमीची, म्हणजे .१७७ बोअरची, बॅरल मोडून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची), स्प्रिंग-पिस्टन जातीची: ट्रिगर ओढला की स्प्रिंग सिलिंडरमधला पिस्टन पुढे ढकलते आणि दाबलेली हवा पेलेट फेकते. वर ११ मिमीच्या खाचेत बसवलेला ४×३२ स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण आहे. नेम धरायची मूळ माशी (पुढची खूण) आणि मागची साइटही जागेवर आहे.

तक्रार अशी होती. आधी १० पेलेटांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकला जायचा. पावसाळाभर रायफल कपाटात राहिली, बाहेरून गंजाचे ठिपके आले. मालकांनी गंज सोडवायचा स्प्रे बाहेरून मारला आणि बॅरल मोडून ब्रीचच्या (बॅरलचं मागचं तोंड सिलिंडरला टेकतं त्या सांध्याच्या) भोकातूनही मारला. त्यानंतर पहिल्या काही गोळ्यांना धूर, फटाक्यासारखा आवाज आणि जळक्या तेलाचा वास. आवाज कमी झाला, पण ग्रुप परत आला नाही. बाकावरून, तळहाताच्या टेकणीवर मारलेल्या १० गोळ्यांचा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत ३४ मिमी उंच आणि ११ मिमी रुंद निघाला. १० मीटर एअर रायफल टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी व्यासाचा असतो. ग्रुप त्याच्याही वर-खाली गेला होता.

सल्ले दोन मिळाले होते. दुकानातला सल्ला: स्प्रिंग बसली आहे, नवी जड स्प्रिंग टाका. बालेवाडीच्या रेंजवर सराव करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाचा सल्ला: पेलेट बदला. दुसऱ्या सल्ल्यात थोडं तथ्य होतं, पहिल्यात अजिबात नव्हतं. हे रायफलला अवजार लावण्याआधीच, साध्या गणिताने दाखवता येतं.

जड स्प्रिंगचा प्रश्न आधी मिटवू

इंटरनेटवर परदेशी शिकाऱ्यांचं घरी काडतुसं भरणं, रायफलची अ‍ॅक्शन घासणं हे सगळं बघायला मिळतं, आणि तोच उत्साह घरातल्या एअर रायफलवर उतरतो. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं किंवा बंदुकीची दुरुस्ती करणं गुन्हा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्यातून सूट मिळते ती ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला. जड स्प्रिंग टाकून ही मर्यादा ओलांडली की कपाटातली वस्तू विनापरवाना शस्त्र ठरते. त्यामुळे कोणतंही काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर क्रोनोग्राफवर वेग मोजायचा. ऊर्जा काढायला पेलेटचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला २० ज्यूलची वेस साधारण २७४ मी/से वर लागते.

या रायफलचे आकडे ०.५३ ग्रॅमच्या पेलेटने घेतले: सर्वात कमी १९१, सर्वात जास्त २२२, सरासरी २०४ मी/से. शिवाय एक गोळी फटाक्यासारखी वाजली आणि २६८ दाखवून गेली. म्हणजे १९ ज्यूल. सिलिंडरमधलं तेल पेटलं की काय होतं ते या एका आकड्यात दिसतं.

३१ मी/से चा फरक ऐकायला भयंकर वाटतो. तो कागदावर किती उतरतो ते पाहू. २२२ मी/से ने सुटलेली गोळी १० मीटर जायला, हवेचा अडथळा धरून, सुमारे ०.०४७ सेकंद घेते आणि तेवढ्यात ११ मिमी खाली येते. १९१ ची गोळी ०.०५५ सेकंद घेते आणि साधारण १५ मिमी खाली येते. फरक ४ मिमी. ग्रुप मात्र ३४ मिमी उंच. उरलेले ३० मिमी वेगातून येऊच शकत नाहीत. गोळी बॅरलमधून निघतानाच वेगळ्या कोनात निघत असणार. १० मीटरवर ३० मिमी म्हणजे हजारात तीन भाग इतका कोन.

हे गणित पाच मिनिटांचं आहे आणि स्प्रिंगचे पैसे वाचवतं. स्प्रिंग थकली तर वेग पडतो आणि सगळा ग्रुप थोडा खाली सरकतो. १० मीटरवर तो उभा फाटत नाही.

न उघडता केलेल्या तपासण्या

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच निकाल वाचता येतो. प्रत्येक बदलानंतर १० गोळ्या, तोच बाक, तोच हात.

पहिले स्टॉकचे स्क्रू. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगरगार्डमध्ये एक. स्प्रिंग रायफलला दुहेरी धक्का असतो: पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन हवेच्या उशीवर आदळून थांबतो तेव्हा रायफल पुढे ओढली जाते. या हिसक्याने स्क्रू सुटतात. त्यात पुण्याचा पावसाळा लाकूड फुगवतो आणि मार्च-एप्रिलची कोरडी हवा ते आखडवते. डावा पुढचा स्क्रू पाऊण फेरा फिरला. खाचेत नेमका बसणारा पेचकस घेऊन हाताने घट्ट केल्यावर वर पाव फेरा, आणि आट्यांवर सुटणाऱ्या जातीच्या निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब. लाल घेऊ नये, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. ग्रुप ३१×९ (उंची × रुंदी, मिमी) झाला.

मग पेलेट. मालक सुट्या मापाचे स्वस्त चपट्या तोंडाचे पेलेट वापरत होते. पांढऱ्या कागदावर ओतल्यावर बऱ्याच पेलेटांचा घागरा, म्हणजे मागचा पसरट पोकळ भाग, चेपलेला दिसला. घागरा चेपला की एका बाजूने हवा आधी निसटते आणि पेलेट तिरपा ढकलला जातो. ०.५३ ग्रॅम वजनाचे, ४.५० मिमी डोक्याचे मॅच (स्पर्धेच्या दर्जाचे) पेलेट घेतले. ग्रुप २७×८. सुधारणा झाली, पण आकार तसाच उभा राहिला.

स्कोप. स्प्रिंग रायफलचा दुहेरी धक्का साधे स्कोप मोडतो आणि माउंट (स्कोप धरणारी पकड) खाचेतून मागे सरकवतो. माउंटच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ३० गोळ्या मारल्या. रेघ हलली नाही. शिवाय माउंट सरकत असेल तर आघाताची जागा एकाच दिशेने हळूहळू सरकते, अशी वर-खाली उड्या मारत नाही. या स्कोपला पुढच्या भिंगाची रिंग फिरवून १० मीटरवर लावता येते, तेही तपासलं. ज्यांच्या स्कोपला ती रिंग नाही त्यांनी सावध राहावं: असे बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात आणि १० मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकतो.

बॅरलचं तोंड. कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवर गोल फिरवली. कुठेही धागा अडकला नाही, म्हणजे कडेला खरवड नाही.

आणि मग या प्रकरणातली निर्णायक चाचणी: स्कोप उतरवला आणि मूळ माशी-साइटवर १० गोळ्या मारल्या. ग्रुप १२×१०.

उघड्या साइटवर नेम स्कोपपेक्षा ढोबळ असतो. तरीही उंची निम्म्याहून खाली आली. कारण असं, की या रायफलची मागची साइट ब्रीच ब्लॉकवर आहे आणि माशी बॅरलच्या टोकावर. दोन्ही बॅरलबरोबर हलतात. बॅरल दर वेळी वेगळ्या कोनात बंद झाली तरी साइटही तेवढीच कलते, नेमबाज ती परत लक्ष्यावर आणतो आणि चूक आपोआप भरून निघते. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर असतो. बॅरलचा कल त्याला कळतच नाही. दोष बॅरलच्या बंद होण्यात आहे हे यातून जवळजवळ सिद्ध झालं. ज्या रायफलची मागची साइट सिलिंडरवर असते तिथे ही चाचणी काही सांगणार नाही, हे लक्षात ठेवावं.

०.०६ मिलिमीटर

टॅपेट सेट करायला गॅरेजमध्ये वापरतात ते फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, घेतलं. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत मिळतं. रिकामी, कॉक न केलेली रायफल मोडायची, नेहमीच्या जोराने बंद करायची आणि ब्रीचच्या वरच्या फटीत पाती सरकवून बघायची. दहा वेळा केलं. ०.०५ मिमीची पाती सहा वेळा आत गेली, चार वेळा नाही. ०.१० ची एकदाही गेली नाही.

पिव्होट बोल्टचा (ज्यावर बॅरल मोडते त्या बिजागरीच्या बोल्टचा) मध्य आणि ती फट यांत या रायफलमध्ये २४ मिमी उभं अंतर आहे. फटीत ०.०६ मिमीचा फरक पडला तर बॅरल हजारात अडीच भाग कलते आणि १० मीटरवर २५ मिमीचा उभा फरक पडतो. झेरॉक्सच्या कागदाची जाडीही यापेक्षा जास्त असते. पाती न घालता नुसतं डोळ्याने पाहून "ब्रीच तर घट्ट बंद होते" असं म्हणणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही.

फट का बदलत होती? ब्रीच सील बाहेर काढून पाहिल्यावर कळलं. खाचेत बसणारी ती रबरी ओ-रिंग स्प्रेच्या द्रवात फुगली होती आणि ब्रीचच्या पृष्ठभागावर जवळपास अर्धा मिमी वर आली होती. वरची कड मऊ पडून एका ठिकाणी चिरली होती. बॅरल बंद धरणारा स्प्रिंगवाला खटका तिला पूर्ण दाबू शकत नव्हता. कधी जरा जास्त दाबली जाई, कधी कमी. चिरेतून हवाही निसटत होती. टिश्यू पेपरची पट्टी ब्रीचच्या सांध्यावर आडवी ठेवून पेलेट भरून गोळी मारली तेव्हा पट्टी उडाली होती, त्याचं कारण हेच. वेगातला ३१ मी/से चा फरक आणि बॅरलचा कल, दोन्ही एकाच रिंगमधून येत होते.

दुरुस्ती

नवी ओ-रिंग नायट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची घेतली. माप जुन्या रिंगवरून घेऊ नये, ती फुगलेली असते. खाचेचा बाहेरचा व्यास आणि खोली कॅलिपरने मोजावी. भोसरीच्या औद्योगिक भागात हायड्रॉलिक सील विकणाऱ्यांकडे मापाच्या रिंगा सुट्या मिळतात. रिंग बसल्यावर पृष्ठभागापासून साधारण ०.२ मिमी वर असावी. कमी असेल तर गळते, जास्त असेल तर हेच दुखणं परत. इथे रिंग आधी पृष्ठभागाच्या बरोबरीने बसली, म्हणून खाचेत पातळ प्लास्टिकची कापलेली चकती टाकून ०.२ वर आणली.

पिव्होट तपासताना बोटांची काळजी घ्यावी लागते. रायफल कॉक केलेली असताना बॅरल मध्येच सोडली तर तिने स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, ही चाचणी. पण कॉक केलेल्या स्थितीत ट्रिगरचा खटका निसटला तर बॅरल इतक्या जोराने वर येते की बोट तुटतं. एक हात बॅरलवर सतत घट्ट, दुसऱ्या हाताचं एकही बोट ब्रीचमध्ये नाही, ट्रिगरजवळ कुणी नाही. इथे बॅरल हळूच खाली येत होती. पिव्होट बोल्टची लॉक स्क्रू काढून बोल्ट अष्टमांश फेरा कसला, दोन्ही वॉशरवर आणि खटक्याच्या तोंडावर मॉलिब्डेनम पेस्टचा पातळ हात दिला.

एवढ्यावर १० गोळ्या: स्कोपसह ११×८. वेग २०९ ते २२३. काम इथे थांबवता आलं असतं. थांबवलं नाही, कारण मधूनच एखादी गोळी अजून फटाक्यासारखी वाजत होती. सिलिंडरमध्ये स्प्रेचं तेल शिल्लक होतं. हवा झटक्यात दाबली की इतकी तापते की पेट्रोलियम तेलाची वाफ पेट घेते, डिझेल इंजिनात होतं तेच. त्याने पिस्टन सील जळते, स्प्रिंगला उलटा फटका बसतो आणि ऊर्जा २० ज्यूलच्या वेशीवर जाते. म्हणून सिलिंडर उघडणं भाग होतं. धूर नसता तर उघडू नका असाच सल्ला दिला असता.

उघडताना धोका एकच आणि मोठा आहे: कॉक न केलेल्या रायफलमध्येही स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते. इथे ती ४५ मिमी दाबलेली निघाली. शेवटची पिन नुसती ठोकून काढली तर मागचं टोपण छातीत येतं. त्यासाठी ९० सेमी लांबीच्या, १८ मिमी जाड प्लायच्या फळीवर दोन टोकांना सागाचे ठोकळे बोल्टने पक्के केले आणि एका ठोकळ्यातून एम-१२ चा आटेदार रॉड घातला. एम-१२ चा आटा एका फेऱ्याला १.७५ मिमी सरकतो, म्हणजे ४५ मिमी सोडायला सुमारे २६ फेरे. रॉडने टोपणावर हलका दाब, मग पिन बाहेर, मग एकेक फेरा मोजत सोडणं. रॉड आणि टोपण यांच्यामध्ये लाकडी गुटका, डोळ्यांवर चष्मा, आणि शरीर फळीच्या कडेला, टोकाच्या रेषेत नाही.

आत तेलकट काळा चिकटा होता. सिलिंडर आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने, कापड पांढरं येईपर्यंत पुसला आणि पूर्ण वाळू दिला. पिस्टन सीलची कड शाबूत होती. स्प्रिंग काचेवर लोळवली. डगमगली नाही, म्हणजे वाकलेली नव्हती. तीच परत घातली. सिलिंडरच्या लांब खाचेच्या कडा धारदार असतात आणि सील आत सरकवताना तिची पापडी कापतात, म्हणून कडा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडल्या, भुकटी पुसून काढली आणि खाचेच्या आतून पातळ प्लास्टिकची पट्टी लावून पिस्टन सरकवला.

वंगणात लोकांचा हात सैल होतो. पिस्टनच्या मागच्या भागाला मॉलिब्डेनम पेस्टची चमक दिसेल इतकाच थर, स्प्रिंगवर घट्ट चिकट ग्रीसचा पातळ हात, आणि सीलच्या पुढे काहीच नाही. शिलाई मशीनचं तेल नाही, इंजिन ऑइल नाही, कोणताही स्प्रे नाही. ट्रिगरच्या दातांना हात लावला नाही. ट्रिगर हलका करण्यासाठी ते घासण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. घासलेला दात कॉक करतानाच निसटतो आणि वर सांगितलेला बोटांचा अपघात तिथूनच होतो.

नंतरचे आकडे

पहिले ३० पेलेट नुसते सील बसवण्यासाठी मारले, त्यातल्या सुरुवातीच्या काहींना हलका वास आला, नंतर थांबला. मग क्रोनोग्राफ: सरासरी २२६ मी/से, कमी-जास्तीतला फरक ७. ऊर्जा साडेतेरा ज्यूल. फिलर गेजची ०.०५ ची पाती दहापैकी एकदाही आत गेली नाही. स्कोपवर ग्रुप ९×८.

बालेवाडीला मॅच रायफलवर सराव करणाऱ्यांना ९ मिमी फार वाटेल. त्यांच्या दाबलेल्या हवेच्या रायफलींत बॅरल पक्की असते, धक्का जवळजवळ नसतो आणि वेग १७० ते १७५ मी/से च्या आसपास स्थिर असतो. स्प्रिंग रायफलमध्ये गोळी बॅरलमध्ये असतानाच रायफल हलत असते, त्यामुळे तिला दर वेळी सारखंच हलू देणं हाच उपाय आहे: पुढचा भाग उघड्या तळहातावर, न आवळता, ट्रिगरगार्डच्या पुढे दर वेळी त्याच बोटभर जागी. थेट वाळूच्या पिशवीवर ठेवून मारलं तेव्हा हीच रायफल १६ मिमीवर गेली आणि सगळा ग्रुप वर सरकला.

मालकांना दिलेल्या सूचना थोड्या आहेत. पेलेट न भरता ट्रिगर ओढायचा नाही. पुढे हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो. कॉक करून ठेवून द्यायची नाही. पावसाळ्यात कापडी किंवा फोमच्या पिशवीत ठेवायची नाही, ओल तीच धरते. बाहेरून तेलाचा हात फिरवून, बंद कपाटात सिलिका जेलसह, कुलुपात. दर ५०० पेलेटांनंतर तीन स्क्रू आणि फिलर गेज. खोक्यातली वाळू चाळताना शिसं हाताला लागतं, मग हात साबणाने धुऊनच जेवायला बसायचं.

ग्रुप परत उभा व्हायला लागला तर स्कोपच्या खुंट्या फिरवण्याआधी मागची साइट वापरून १० गोळ्या माराव्यात. आडवा पसरायला लागला तर आधी स्टॉकचे पुढचे दोन स्क्रू बघावेत, मग पेलेटचे घागरे.